टीव्हीवर प्राणी दिसला की कुत्री भुंकते, महिनाभर थांबते, पुन्हा सुरू होते: कारण कसं शोधलं आणि काय लागू पडलं

आमची चिंगी पाच वर्षांची, तांबूस रंगाची गावठी कुत्री. नाशिकला इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. टीव्हीवर माणसं बोलत असली तर ती चटईवर डोळे मिटून पडलेली असते. पण घोडा दिसला, मांजर दिसलं, बातम्यांत बिबट्या दिसला की उठून थेट पडद्यापाशी जाते, मानेवरचे केस उभे राहतात आणि भुंकणं सुरू होतं. खालच्या घरातली मुलगी दहावीला होती. तिच्या वडिलांनी दोनदा नीट सांगून पाहिलं, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. "गावाला शेतावर सोडून द्या" असंही एकाने सुचवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन वर्षांत आम्ही हे चार वेळा बंद केलं आणि चारही वेळा ते परत आलं. आता सात महिने झाले, परत आलेलं नाही. ज्यांच्या घरी हाच त्रास वर्षानुवर्षं चालू आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. कुत्र्याने टीव्ही बघणं हा त्रास नाही. कान टवकारून, मान तिरकी करून बघत असेल, हाक मारल्यावर वळत असेल, तर बघू दे. हाक मारूनही लक्ष हटत नसेल, पडद्यावर उडी मारत असेल, किंवा टीव्ही बंद केल्यावरही बराच वेळ घरभर येरझाऱ्या घालत असेल, तर मात्र काहीतरी करायला हवं.

आधी तीन संध्याकाळी फक्त बघा

काहीही उपाय करण्याआधी हे करा, कारण बाहेरून सारखं दिसणारं भुंकणं तीन वेगळ्या कारणांनी असू शकतं: चित्रामुळे, आवाजामुळे किंवा आपल्यामुळे.

पहिल्या दिवशी टीव्ही म्यूट करून ठेवा. भुंकणं तसंच राहिलं तर कारण चित्र. दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम मोबाईलवर लावून मोबाईल स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवा आणि टीव्ही बंद ठेवा. नुसत्या आवाजावर भुंकलं तर कारण आवाज. तिसऱ्या दिवशी टीव्ही नेहमीसारखा लावा, घरातले सगळे आतल्या खोलीत जा आणि हॉलमध्ये एक मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये कुत्रं शांत पडलेलं दिसलं आणि तुम्ही बाहेर आल्यावर भुंकायला लागलं, तर ते टीव्हीसाठी भुंकत नाही, तुमच्यासाठी भुंकतं.

आमच्याकडे तिन्ही कारणं निघाली. प्राण्यांवर भुंकायची ती चित्रामुळे. मालिकेत दारावरची बेल वाजली की भुंकायची ती आवाजामुळे. आणि रात्री नऊच्या सुमाराला, मी ऑफिसचे फोन करत असताना, पडद्यावर काहीच नसताना भुंकायची ती माझ्यामुळे. आम्ही तिन्हींवर एकच उपाय करत होतो, ओरडण्याचा.

चित्र: तिला नेमकं काय दिसतं

माझं माहेर पंचवटीतलं. तिथल्या वाड्यात जुना, मागे मोठी पेटी असलेला टीव्ही होता आणि एक म्हातारा कुत्रा होता. टीव्हीवर वाघ येवो की हत्ती, तो पाठ करून झोपायचा. चिंगी अशी का, हे मला तेव्हाचा आणि आताचा टीव्ही वेगळा आहे हे कळेपर्यंत उमगलं नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० वेळा उजळायचा आणि मावळायचा. माणसाच्या डोळ्याला तेवढ्या वेगात ते बहुतेक सलगच दिसतं. कुत्र्याच्या डोळ्याला सलग दिसायला साधारण ७० ते ८० वेळा उजळावं लागतं. म्हणजे त्या म्हाताऱ्या कुत्र्याला समोर लुकलुकणारा उजेड दिसत असणार. आताच्या सपाट पडद्यावर प्रत्येक ठिपका पुढचं चित्र येईपर्यंत उजळलेलाच राहतो, मधे अंधार होत नाही. त्यामुळे चित्र कुत्र्यालाही चित्रासारखं दिसतं. टीव्ही बदलल्यावर कुत्रं अचानक टीव्हीकडे बघायला लागलं असं कोणी सांगितलं तर मला आता नवल वाटत नाही.

रंगांचं वेगळं आहे. अमेरिकेत १९८९ साली नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी दाखवून दिलं की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यात तीन. निळा आणि पिवळा त्यांना वेगळे दिसतात; लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळल्यासारखे, मातकट. पण रंगावर फार विसंबू नका. रात्रीच्या सीसीटीव्हीतला बिबट्या काळापांढराच असतो, तरी चिंगी त्याच्यावर सगळ्यात जास्त भुंकायची. तिला रंग नको होता, चाल पुरत होती. चार पायांवर पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारं काहीही.

हालचालीचा हा मुद्दा फार उपयोगी आहे, म्हणून थोडं थांबते. १९३६ साली १४ पोलिसी कुत्र्यांवर एक प्रयोग झाला होता. हलणारी वस्तू त्यांना ८१० ते ९०० मीटरवरून ओळखता आली. तीच वस्तू स्थिर असली तर ५८५ मीटरच्या आत यावं लागलं. बारकावे बघण्यात त्यांची नजर आपल्यापेक्षा बरीच कमी. आपल्याला ७५ फुटांवरून दिसणारी गोष्ट त्यांना साधारण २० फुटांवरून दिसते. हलतंय हे लांबून कळतं, काय हलतंय हे बघायला जवळ जावं लागतं. चिंगी पडद्याला नाक लावायची ती म्हणूनच. नाक लावून वास मात्र काहीच यायचा नाही. मग ती टीव्हीच्या बाजूला, खालच्या कपाटामागे डोकावून बघायची. बिबट्या उजवीकडे गेला म्हणजे उजवीकडच्या भिंतीपाशी असायला हवा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला तिची दया आली. आम्ही ज्याला हट्टीपणा म्हणत होतो तो तिचा शोध होता.

पडद्यावरचं चित्र कुत्र्याला कळतं का, असं लोक विचारतात. फ्रान्समध्ये २०१३ साली नऊ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात त्यांनी पडद्यावरच्या इतर प्राण्यांच्या चेहऱ्यांतून कुत्र्याचा चेहरा वेगळा काढला, तोही नाना जातींच्या कुत्र्यांचा. नुसत्या चित्रावरून, वासाशिवाय. तेव्हा "त्याला काय कळतंय" म्हणून सोडून देऊ नका.

बिबट्याचं आपल्या भागात आणखी एक आहे. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडवर सावरकरनगरात बिबट्या शिरला होता, ते नाशिककरांना आठवत असेल. गोदावरी आणि दारणेकाठच्या उसात त्यांचा वावर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. चिंगीला बिबट्या म्हणून तो ओळखू येतो असं मी म्हणत नाही. पण बिबट्या कुठेही दिसला की बातम्यांचे चॅनल तीच पंधरा सेकंदांची फीत अर्ध्या तासात आठ-दहा वेळा दाखवतात, आणि आमची गाडी नेमकी तिथेच अडत होती.

पुन्हा पुन्हा का उलटतं

कुरिअरवाला दारात येतो. कुत्रं भुंकतं. तो पार्सल देऊन निघून जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याचा हिशेब सरळ आहे: मी भुंकले, तो गेला. दुसऱ्या दिवशी ते आणखी जोरात भुंकतं.

टीव्हीवरचा प्राणी तर प्रत्येक वेळी जातो. दहा सेकंदांत दृश्य बदलतं किंवा जाहिरात लागते. चिंगी भुंकली, बिबट्या गेला. बातमीत तो पुन्हा आला, ती पुन्हा भुंकली, तो पुन्हा गेला. अर्ध्या तासात दहा वेळा तिने बिबट्या हाकलून लावला. एवढं पक्कं शिक्षण कुठलाही ट्रेनर देऊ शकणार नाही, आणि ते आमच्या हॉलमध्ये रोज फुकट चाललं होतं.

त्यावर आम्ही काय करत होतो? ती भुंकली की पटकन चॅनल बदलत होतो. म्हणजे तिचाच विजय. कधी ओरडत होतो. तिला वाटत असणार, घरचेही माझ्याबरोबर भुंकताहेत. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या पोळीचा तुकडा द्यायच्या, ती गप्प बसायची. रोज नाही, कधीतरी. आणि कधीतरी मिळणारा खाऊच सवय सगळ्यात घट्ट करतो, कारण आज नाही तर उद्या मिळेल म्हणून प्रयत्न चालूच राहतो.

मग आम्ही बातम्या लावणंच सोडलं. घर शांत झालं, आम्हाला वाटलं सुटली सवय. पण समोर प्राणीच नव्हता तर भुंकणार कशावर? ती काही नवीन शिकलीच नव्हती. महिन्याभराने कोणीतरी बातम्या लावल्या आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू. आमचे चारही "उपाय" या ना त्या रीतीने हेच होते. हे लक्षात आलं त्या दिवसापासून खरं काम सुरू झालं.

काय केलं

उलटं करायचं होतं: तिने गप्प बसल्यावर बिबट्या जायला हवा, भुंकल्यावर नव्हे. थेट लागलेल्या टीव्हीवर हे जमत नाही, कारण दृश्य आपल्या हातात नसतं. म्हणून मी मोबाईलमध्ये बिबट्याची एक फीत ठेवली आणि ती टीव्हीवर लावायची सोय केली. पेन ड्राइव्हनेही जमतं. थांबवणं, हळू करणं, आवाज बंद करणं आपल्या हातात असलं म्हणजे झालं.

वेळ सकाळची, फिरून आल्यानंतरची, पाच मिनिटं. पोट भरलेलं नसावं. चटई पडद्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली, हॉलच्या दाराशी. लांब नेल्याने हालचाल दिसायची थांबत नाही, पण आकार लहान होतो आणि बारकावे पुसट होतात, तेवढं पुरतं.

सुरुवात थांबवलेल्या चित्रापासून केली. स्थिर बिबट्यात तिला रस नव्हता, १९३६ च्या त्या कुत्र्यांसारखाच. चित्र समोर, ती चटईवर, मी दर काही क्षणांनी पनीरचा छोटा तुकडा देते. चार दिवस एवढंच. मग फीत सगळ्यात हळू वेगाने, आवाज बंद. तिचे कान टवकारले की त्याच क्षणी तुकडा, भुंकायच्या आत. हा क्षण पकडणं हेच सगळं कौशल्य आहे. कान वर होणं आणि पहिलं भुंकणं यांच्यात आमच्याकडे दोन सेकंद असतात. तुमच्याकडे किती ते रेकॉर्डिंगमध्ये बघून ठेवा. पाच मिनिटं झाली आणि ती शांत असली की टीव्ही बंद. प्राणी गेला, पण ती गप्प असताना गेला.

नंतर अर्धा वेग, मग पूर्ण वेग, मग हळूहळू आवाज, मग चटई दर दोन दिवसांनी फूटभर पुढे. आम्हाला साडेतीन आठवडे लागले. मधे दोनदा ती भुंकली. तेव्हा टीव्ही बंद केला नाही आणि ओरडलेही नाही. बिबट्या पडद्यावर तसाच चालू ठेवून तिला शांतपणे हाक मारून मागे नेलं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरून सुरुवात केली. भुंकणं म्हणजे आपण घाई केली, इतकाच त्याचा अर्थ.

या काळात संध्याकाळी बातम्या लागल्या तर चिंगी आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन, दार लोटून. सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी तिला पुन्हा दहा बिबटे हाकलू द्यायचे, असं केलं तर काहीच हाती लागत नाही.

खाऊबद्दल नाशिककरांना कळकळीने सांगते. शिकवताना हाताशी असेल ते द्यायची सवय असते, आणि आपल्या घरात द्राक्षं नाहीतर मनुका हाताशी असतातच. कुत्र्याला त्यातलं एकही देऊ नका. द्राक्षांनी आणि मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, थोड्यानेही. पनीर, उकडलेलं चिकन, गाजराचे तुकडे चालतात. मसाल्याचं आणि कांद्याचं काही नको.

बेल आणि इतर आवाज

यावर सगळ्यात सोपा उपाय निघाला. मालिकेतली बेल आणि आमच्या दारावरची बेल एकाच सुराच्या होत्या. आमची बेल बदलली, वेगळ्या सुराची लावली. नवी बेल वाजली की चटईवर जायचं आणि तिथे खाऊ मिळतो, हे तिला आठवडाभरात शिकवलं. जुन्या सुराला अर्थच उरला नाही आणि मालिकेतल्या बेलकडे ती आता ढुंकूनही बघत नाही.

भुंकण्याच्या आवाजाचं तसं नाही, ते अवघड आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाने २०२५ साली ४५३ कुत्र्यांच्या टीव्ही बघण्याबद्दल त्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. त्यातली ४५ टक्के कुत्री टीव्हीवरच्या भुंकण्या-रडण्याला दर वेळी प्रतिसाद देणारी निघाली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते: उत्साही स्वभावाची कुत्री पडद्यावर हलणाऱ्या वस्तूंच्या मागे जास्त लागत होती, तर भित्री कुत्री बेल, गाड्यांचे हॉर्न अशा आवाजांनी जास्त बिथरत होती. तुमचं कुत्रं आवाजावर भुंकत असेल तर ते चिडलंय असं धरून चालू नका, घाबरलेलं असू शकतं. शेपूट खाली, कान मागे, जांभया, ओठ चाटणं ही लक्षणं बघा. घाबरलेल्या कुत्र्याला पडद्यासमोर बसवून ठेवू नका. आवाज अगदी बारीक करून, लांब ठेवून, वर सांगितलं तसंच खाऊबरोबर ओळख करून द्या. दिवाळीनंतरच्या आठवड्यात हे काम सुरूच करू नका, फटाक्यांनी कान आधीच हळवे झालेले असतात.

आपल्यासाठी भुंकत असेल तर

हे थोडक्यात. नऊच्या आधी तिला वीस मिनिटं फिरवून आणणं आणि ती गप्प बसलेली असताना मधूनच जाऊन तिला थोपटणं, एवढ्याने आमचं काम झालं. दुर्लक्ष करायचं ठरवलं तर पहिले काही दिवस भुंकणं वाढतं, हे माहीत असू द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र ठरवा. सासूबाईंना मी रागावून काही सांगितलं नाही. "आई, पोळीचा तुकडा तिने गप्प बसल्यावर द्या, भुंकताना नको," एवढंच म्हटलं. आता त्याच माझ्यापेक्षा जास्त काटेकोर आहेत.

पुन्हा डोकं वर काढायच्या वेळा

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की फिरणं कमी होतं आणि चिंगी दिवसभर घरात राहते. एप्रिल-मेमध्ये दुपारचे रस्ते तापलेले आणि घरात क्रिकेट चालू. या दोन्ही काळात महिन्यातून दोन-तीन सकाळी ती फीत पुन्हा लावते, विसरायला नको म्हणून. पावसाळ्यात फिरण्याऐवजी घरातच खाऊ लपवून शोधायला लावते. नाक पंधरा मिनिटं कामाला लागलं की ती तासभर फिरून आल्यासारखी निवांत पडते.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

म्हाताऱ्या कुत्र्याने आयुष्यात कधी टीव्हीकडे पाहिलं नाही आणि आता अचानक पडद्यावर किंवा कोऱ्या भिंतीवर भुंकतं, रात्री हिंडतं, घरात वाट चुकल्यासारखं करतं, तर ते टीव्हीचं प्रकरण नाही. नजर, कान किंवा म्हातारपणातलं मेंदूचं दुखणं असू शकतं, पशुवैद्यकाकडे न्या. टीव्हीचा उजेड फरशीवर पडतो, त्या कवडशांमागे तासन्‌तास धावणारं कुत्रंही दाखवायला हवं. त्याला लेझरच्या लाल ठिपक्याने खेळवत असाल तर ते आजच थांबवा. आणि टीव्ही टेबलावर नुसता ठेवलेला असेल तर भिंतीला घट्ट बसवून घ्या, वायरी मागे बांधून टाका. उडी मारणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर तो पडायला वेळ लागत नाही.

घोड्याचं काम अजून बाकी आहे. बिबट्याची फीत पंधरा सेकंदांची होती. ऐतिहासिक मालिकेतली घोडदौड लांब चालते, एकाच वेळी वीस घोडे असतात आणि टापांचा आवाजही असतो. सध्या एकच घोडा, हळू वेगाने, आवाज बंद, या पायरीवर आम्ही आहोत. काल तो पडद्यावरून पूर्ण जाईपर्यंत ती चटईवर बसून होती. फक्त शेवटी उठली आणि टीव्हीच्या उजव्या बाजूला जाऊन एकदा वास घेऊन आली.